चुलीच्या पल्याडची अक्षरं

तिसरी पाटी इकत आणायची न्हाई, असं आमच्या घरात ठरलं हुतं. थोरली दोन पोरं शाळंत जायची, त्यांच्या दोन पाट्या हुत्या. तिसरी घ्यायला गेलं की दुकानदार इचारणार, ही कुणाला? त्याला कळलं म्हंजे गावाला कळलं, आन् गावाला कळलं म्हंजे सरकारी वहीत गेलं. म्हणून पोरीला मी राखंत शिकवलं.

शहात्तर साल हुतं. पलूसच्या अलीकडं आमचं गाव, समदं ऊसवाल्यांचं. आमच्या लोकांची घरं पाच-सा, एका बोळात. आमी पिंजारी. घरवाला खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचा, लोकांच्या गाद्यांतला दबलेला कापूस पिंजून परत भरून द्यायचा. पिंजण म्हंजे मोठ्या धनुष्यागत असतंय, ताणून तात, म्हंजे आतड्याची दोरी, बांधलेली. तिचा आवाज लांबनं यायचा आन् बायका दारात येऊन म्हणायच्या, पिंजारी आला गं. त्या साली त्योच आवाज आमाला नकोसा झाला.

ज्येला दोनाच्या वर पोरं त्येला गाडीत घालून नेत्यात आन् आप्रेशन करून सोडत्यात, असं बाजारात बोलायचे. कुणी म्हणायचं तासगावात नेलं, कुणी म्हणायचं मिरजंला. डोळ्यानं बगितलेला मला एक बी भेटला न्हाई, पण ऐकलेली समदीच हुती. सासू म्हणायची, आपल्या लोकांवर जास्त डोळा हाय. खरं-खोटं अल्लाला ठावं. आमाला चार लेकरं. दोन पोरं शाळंत, त्यांच्या पाठची पोरगी सात वर्साची, आन् मांडीवर एक तान्हं. सासूनं सांगून टाकलं, आजपास्नं ह्या घरात दोनच लेकरं. तान्हं ननंदंचं म्हणून सांगायचं, आन् पोरीला दावायचंच न्हाई.

पोरीचं शाळंत नाव घालायचं तेच वरीस हुतं. ते ऱ्हायलं.

कुणी भाईरचं आलं की तिनं कुटं जायचं ते ठरलेलं हुतं. सोप्यात पिंजलेल्या गाद्यांची चळत असायची, भितीपास्नं जरा सुटी. त्या फटीत ती शिरायची. पहिल्यांदा खेळ वाटला तिला. मग सवय झाली. खोकला आला तर गादीत तोंड खुपसायची. कापसाचा बारीक भुगा नाकात जायाचा, तरी कवा शिंकली न्हाई. सात वर्साचं लेकरू शिंक दाबाय शिकलं, ह्येचं मला त्या वक्ताला कौतुक वाटलं. आता वाटत न्हाई.

महिन्या-दीड महिन्यानं हिवतापाचा माणूस यायचा. रगत घ्यायचा, फवारणी झाली का बगायचा, आन् जाताना दाराच्या भितीवर खडूनं कायतरी लिवून जायाचा. दर साली लिवायचा, कुणी बगायचं न्हाई. त्या साली मी बगितलं. मला आकडे येत हुते. सात लिवलं हुतं. मी मोजलं. आमी दोघं, सासू, चार लेकरं. सात. शेण कालवलं आन् भीत सारवून काढली, उन्हाच्या भर येळंला. शेजारीण बगत हुती. ती म्हणाली, भाभी, आज सण हाय का काय? मी म्हटलं, व्हय.

ते सात कशाचं हुतं, तारीख हुती का घराचा नंबर, मला काय ठावं. पण फुडल्या खेपंला सारवलेल्या भितीवर त्यानं परत सातच लिवलं. मी परत सारवलं.

माझं माहेर साताऱ्याकडं, शिरवळजवळ. बापानं मला दोन यत्ता शिकू दिल्या, आन् घरी कुराणाचा सिपारा शिकवला. तेवढ्यावर मी पोरीला शिकवाय घेतलं. सकाळी फजरची नमाज झाली की तिला वजू, म्हंजे हातपाय-तोंड धुवाय लावायची, डोस्क्यावर पदर घ्यायला लावायची, आन् लाकडाच्या रेहालीवर कायदा, म्हंजे अरबी अक्षरांची पयली किताब, उघडून बसायची. अलिफ, बे, ते. अल्लाचं अक्षर जमिनीला लागाय नको, म्हणून रेहाल. किताब एकच, म्हणून ती माझ्या बाजूला चिकटून बसायची, माझ्या बोटाबरोबर तिचं बोट. लय गुणी. महिन्यात निम्मा कायदा पाठ.

मराठी मातुर चुलीम्होरं. भाकरी करायच्या येळंला चुलीतली राख उलथन्यानं भाईर वढायची, गार झाली की जमिनीवर पसरायची आन् बोटानं अक्षर काढायचं. ग, म, भ, न. माझ्या एका अंगाला जळण, एका अंगाला तान्हं झोळीत. पोरीला बसायला जागा फकस्त राखंच्या पल्याड. ती तिकडनं बगायची, मी हिकडनं काढायची. तवा ताव धरून असायचा, मी एक अक्षर काढायची, भाकरी थापायची, परतायची, दुसरं काढायची. पुसायला सोपं. कुणी दारात खाकरलं की हात फिरवला, झालं. राख ती राखच.

सासूला ते पटायचं न्हाई. कायदा ठीक, म्हणायची, मराठी कशाला? पोरीची जात, उद्या कुणाला चिठ्ठ्या लिवंल. मी फुडचं अक्षर काढायची. तिला माझा संशय हुता, मला तिचा. ती मला म्हणायची, तू लय शिकलीस, तूच कुणाला तरी बोलशील. मला वाटायचं, हीच तंबाखू मळायला बोळाच्या तोंडाला बसती, हिच्याच तोंडातनं सुटंल. घरात सगळ्यास्नी सगळ्यांचा संशय. जेवताना बी एकमेकाकडं बगून जेवायचो.

पण माझा खरा डोळा हुता त्या शेजारणीवर. तिचा मालक पलटणीत. ऊस घरचा, दोन म्हशी, आन् महिन्याला पलटणीचं पत्र यायचं, शिक्का मारलेलं. सरकारचा माणूस घरात, म्हंजे सरकारात बोलणं हाय, असा माझा हिशेब. ती आधी बी ताक द्यायला यायची, पण त्या साली मला वाटलं लय वरचेवर येती. आली की उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन आत बगायची. एकदा तिनं इचारलं, मधली पोरगी दिसंना गं बरेच दिस? मी सांगिटलं, मामाकडं पाठवलीया शिरवळला. ती म्हणाली, मग काल परसात खोकलं कोण? मी म्हटलं, सासू. दुसऱ्या दिशी तिचं ताक मी तसंच परत पाठवलं. भांडं सुदीक इसळलं न्हाई. त्या दिसापास्नं ती आली न्हाई, आन् मला वाटलं, बगा, मनात काळं हुतं म्हणूनच आली न्हाई.

मग मास्तर आला.

दुपारची येळ. पोरं शाळंत, सासू सोप्यात, मी आत. घरवाला त्या दिशी घरी हुता, मागं परड्यात कापूस पिंजत बसलेला. दारात हाक आली, कुणी हाय का? आन् मागं तातीचा आवाज चालला हुता त्यो टक्कन थांबला. आवाज चालू ठेवला असता तर बरं झालं असतं. थांबला म्हणूनच मास्तरानं मान वाकडी करून मागं बगितलं.

पोरगी गाद्यांच्या मागं गेली. सासूनं घोंगडं टाकलं. मास्तर बसला, गाद्यांकडं तोंड करून, मांडीवर वही. काखंतली पिशवी बाजूला ठेवली. मी दाराआडनं बगत हुती. परक्या गड्याम्होरं यायची आमच्यात रीत न्हवती. मास्तर म्हणजे बारीक माणूस, धोतराला शाईचं डाग, चप्पल तुटून सुतळीनं बांधलेली. असल्या माणसाला भ्यायचं काय, असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, असलाच पाठवत्यात, भ्या वाटू नये म्हणून.

त्यानं सासूला इचारलं, चाची, घरात लेकरं किती?

दोन, सासू म्हणाली. तुमच्याच शाळंत हायती, तुमाला ठावं न्हाई व्हय?

ती ठावं हायती, मास्तर म्हणाला. आणखी?

आणखी कुटली. म्हातारपणी मलाच व्हायची असली तर अल्लाची मर्जी.

मास्तर हसला आन् वहीत लिवाय लागला. बराच येळ लिवत हुता. दोनच लेकरं तर एवढं काय लिवतोय, असं मला वाटलं. शाईचा टाक त्यो, कराकरा वाजत हुता. पोरीनं जल्मात कुणाला शाईनं लिवताना बगितलं न्हवतं. आमच्या घरात अक्षर म्हंजे राख.

मी बगितलं तर ती फटीतनं भाईर आलेली. सासूच्या खांद्यामागं उभी. डोस्क्यावर कापसाचा भुगा, डोळं त्या वहीवर. मी हातानं खुणा केल्या, तिनं बगितल्या न्हाईत. तिनं बोट पुढं केलं आन् एक-एक अक्षर सोडवत मोठ्यानं वाचलं,

“शाळंत न जाणारी मुलं.”

वहीत शाळेत असंल, ती तिच्या तोंडानं शाळंत म्हणाली. सासूनं कपाळाला हात लावला. मास्तराचा टाक तसाच हवंत. ही कोण, असं त्यानं इचारलंच न्हाई. त्यानं पोरीकडं बगितलं, मग वहीकडं, मग परत पोरीकडं. त्याला ते आधी उमगलं, मला मागनं. वही त्याच्याकडनं सुलटी हुती. पोरगी त्याच्या म्होरं उभी. तिच्या अंगानं समदी अक्षरं उलटी, डोस्क्यावर उभी.

त्यानं वही फिरवून तिच्याकडं सुलटी केली. म्हणाला, आता वाच बाळ.

पोरगी बगत ऱ्हायली. मान वाकडी केली. ओठ हलवलं. मग म्हणाली, “हे मला येत न्हाई.”

फिरवली, तर वाचलं. परत फिरवली, तर येईना. मास्तराला गंमत वाटली, त्यानं दोन-तीनदा केलं. मला गंमत वाटली न्हाई. माझ्या हातात पीठ हुतं, ते मी पुसायचं इसरली. सा महिनं मी रोज दर भाकरीमागं एक अक्षर काढलं, आन् लेकराला एक अक्षर बी सुलटं दिलं न्हाई. अल्लाचं अक्षर बाजूला बसवून शिकवलं ते नीट बसलं. चुलीच्या पल्याडनं शिकवलं ते समदं पालथं. आन् आणखी दोन वर्सं अशीच गाद्यांमागं काढली असती तर ते तसंच घट्ट झालं असतं. मग कुटली शाळा तिला घेणार हुती.

तेवढ्यात पोरीनं वाकून पिशवीत बगितलं. पिशवीतनं दुसऱ्या वहीचा वरचा काठ दिसत हुता. तिला काय, एकदा वाचाय मिळालं की थांबती व्हय ती. बोट लावून म्हणाली, “कु. टुं. ब.”

मास्तरानं वहीवर पंजा ठेवला.

कुटुंब म्हंजे काय ते त्या साली आमच्या तान्ह्याला बी कळत असंल. पाण्याच्या टाकीवर, बाजाराच्या भितीवर, जिकडं बगावं तिकडं कुटुंब नियोजन आन् लाल तिकोण. सासू उठाय लागली. मला वाटलं, एवढे दिस आमी येड्यागत भ्यालो न्हाई, ते हितंच बसलंय पिशवीत.

मास्तरानं पंजा काढला. म्हणाला, “चाची, खोटं कशाला बोलू. ती वही बी माझ्याजवळच हाय. माणसं आणल्याबिगर आमचं पगार सोडत न्हाईत. पण आज मी त्या वहीसाठी आलो न्हाई. तुमच्या नातवानंच वर्गात सांगिटलं, माझी भैण चुलीपाशी शिकती म्हणून. तवा आलो.”

मग त्यानं नीट सांगिटलं, जसं हाय तसं. पोरीचं नाव ह्या वहीत लिवायचं तर घरात तीन लेकरं हायती असं लिवाय लागंल. तान्ह्याचं त्यो बोलला न्हाई, पण झोळी त्याला दिसत हुती. म्हणाला, ही वही वर जाती. ती वही बी वर जाती. वर दोन्ही वह्या कुणी शेजारी ठेवल्या तर माझ्या हातात काय न्हाई. नको असंल तर मी उठतो, ह्या घरात पोरगी न्हवती.

सासू म्हणाली, उठा.

मागनं, कापसाच्या ढिगामागनं, माझ्या घरवाल्याचं खोकणं ऐकू आलं. त्यो ऐकत हुता. पोरगी मातुर अजून वहीवरच वाकलेली, आता कुटं कानामातरा कसा देत्यात ते बगत.

मी भाईर आली. पदर फुडं वढला. परक्या गड्याशी त्या घरात मी बोललेलं ते पहिलं बोलणं.

“लिवा,” म्हटलं. “पर तिच्या म्होरं लिवा. तुमी काय लिवता ते ती वाचंल. आन् दुसरी वही पिशवीतनं काढायची न्हाई.”

मास्तर बरं म्हणाला. त्यानं पोरीचं नाव लिवलं, बापाचं लिवलं, वय लिवलं. ती समोरनं एक-एक अक्षर वाचत हुती, त्यो वाचून झाल्यावर फुडचं लिवत हुता. शेजारी बसून सुलटं वाच, असं मी तिला सांगिटलं न्हाई. तेवढ्या घडीला उलटंच उपयोगाचं हुतं. लिवून झाल्यावर त्यानं पिशवी उचलली, चपला घातल्या आन् गेला. बोळाच्या कोपऱ्यापत्तोर मी त्याचा हात बगत हुती. कोपऱ्याच्या पल्याड त्यानं काय केलं ते मला कसं दिसणार.

घरवाला आत आला. दाढीत, भिवयांत कापूस. मला वाटलं मारंल. त्यो एवढंच म्हणाला, “पोरीला शाळा दिलीस. आता मला कुटं ठिवतीस?”

त्याच दिशी, ईळ मावळायच्या आत, मी त्याला भाकरी बांधून दिल्या आन् शिरवळला माझ्या भावाकडं पाठवला. एसटीनं न्हाई, एसटीत उतरवून घेत्यात असं ऐकलं हुतं. उसाच्या गाडीवरनं, मग पायी, मग ट्रकनं. पिंजण संगं न्हेलं न्हाई. पिंजारी म्हणून कुणी वळखाय नको. तिकडं त्यो हमाली करत ऱ्हायला.

त्यो गेला ते आठ महिनं मी कसं काढलं ते सांगण्यागत न्हाई. पिंजण बायकांचं काम न्हवं, पण मी केलं. घरात बसून, लोकांनी गाद्या आणून टाकायच्या आन् मी दार लावून पिंजायच्या. तातीनं बोटं कापायची. कापसाचा भुगा छातीत बसला त्यो अजून हाय, थंडीत बोलतोय. सासू माझ्याशी बोलायची न्हाई. ताट म्होरं ठेवलं की जेवायची, आन् भितीकडं बगून म्हणायची, एकीच्या पाटीपायी माझा ल्योक गेला. तिचं चुकलं हुतं असं बी न्हाई.

पाटी आणली मी. दुकानदारानं इचारलं, ही कुणाला? मी सांगिटलं, पोरीला. त्यो बरं म्हणाला आन् कागदात गुंडाळून दिली. एवढंच.

शाळंत मास्तरानं तिला पयल्या रांगंत बसवलं. फळा तिला वाचता यायचा न्हाई, म्होरं तोंड करून बसलेल्या पोरीची पाटी वाचता यायची. पोरं हसायची. मास्तर तिला शेजारी बसवून, तिचं बोट धरून, एक-एक अक्षर उभं करत गेला. शिमग्यापत्तोर नीट झालं. रोज संध्याकाळी मी तिला इचारायची, मास्तरानं काय इचारलं? बाप कुटं हाय ते इचारलं का? ती म्हणायची, न्हाई. मी म्हणायची, नीट आठव. ती म्हणायची, न्हाई इचारलं. मग मला वाटायचं, इचारत न्हाई म्हंजे ठावं असंल.

शेजारणीकडं मी स्वताहून गेली न्हाई. तीच आली, एक दिस, हातात पलटणीचं पत्र. मास्तर गावाला गेला हुता, वाचायला कुणी न्हवतं. उंबऱ्यातच उभी ऱ्हायली. म्हणाली, “भाभी, ताक न्हाई आणलं. पत्र आणलंय. तुमची मामाकडची पोरगी आली असंल तर वाचाय सांगा.”

मी तिला आत घेतलं. पोरगी तिच्या म्होरं बसली आन् पत्र तिच्याच हातात ऱ्हाऊ दिलं, तिकडनंच वाचून काढलं. तिच्या मालकानं काय लिवलं ते मी सांगत न्हाई, त्या घरचं हाय ते. पण ती ऐकताना रडली, आन् मला कळलं की ह्या बाईला सरकारातलं माझ्यापरास जास्त काय बी ठावं न्हवतं. दुसऱ्या दिशी तिचं भांडं आलं, मी ते ताक ठेवून घेतलं. इसळून भांडं परत दिलं, आत मूठभर शेंगा टाकून.

मग निवडणुका झाल्या, राज्य बदललं, त्या गाड्या बंद झाल्या म्हणाले. घरवाला आला. अर्धा झालेला. दारात पोरगी पाटी घेऊन बसली हुती, त्यानं म्होरनं बगितलं आन् म्हणाला, हे काय लिवलंस? तिनं पाटी फिरवून त्याच्याकडं सुलटी केली. त्याला वाचाय येत न्हवतं, तिला ते ठावं हुतं, तरी केली.

त्याला कुणी धरलं न्हाई. आमच्या दारात गाडी कवा आली न्हाई. त्या दुसऱ्या वहीत आमचं नाव पडलं हुतं का न्हाई, ते मला आजपत्तोर ठावं न्हाई. मास्तर बदलून गेला, मग वारला बी. चांगला माणूस हुता, असं समदी म्हणत्यात. मी बी म्हणती. पण कोपऱ्याच्या पल्याडचं मी बगितलेलं न्हाई.

पोरगी आता सांगलीला, विश्रामबागंत ऱ्हाती. तिला नातवंडं हायती. माझी बोटं आता वाकडी झाल्यात, सही जमत न्हाई. म्हातारपणाच्या पेन्शनीच्या कागदासाठी मला कचेरीत न्हेती तवा मी तिला टेबलाच्या हिकडच्या अंगाला माझ्याजवळ बसवती. साहेब पल्याडनं लिवत असतोय. मी तिच्या गुडघ्याला हात लावती. ती वहीकडं बगती, आन् हळूच सांगती, “नाव लिवलंय अम्मा. फकस्त नाव.”

मग मी अंगठा देती.